आघात कोणी सोसावा?

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात डरहॅम नावाचे एक शहर आहे. तेथील ग्रेगसन स्ट्रीट या रस्त्यावरून रेल्वेचा एक पूल जातो. पूल १९४० सालचा. त्याच्या बांधणीत मुद्दाम जाऊन पाहावे असे काही नाही. आपल्याकडच्या एखाद्या जंक्शनच्या गावीही असा पूल दिसेल. रस्ता आणि पूल यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली होती ११ फूट ८ इंच. पुलाखाली किमान किती उंची असावी याचा दंडक त्या काळी घालून दिलेला नव्हता, आणि त्या वेळच्या वाहनांना एवढी जागा पुरत होती. पुढे मालमोटारी संख्येने वाढल्या, तशाच उंचीनेही वाढल्या. आज त्या देशातील बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच उंचीची गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येते. पूल मात्र होता तेवढाच राहिला, आणि उंच गाड्या त्याच्यावर आपटू लागल्या. २००८ साली जवळच्या एका कचेरीत काम करणाऱ्या गृहस्थाने पुलाकडे तोंड करून कॅमेरा लावून ठेवला. तेव्हापासून दीडशेहून अधिक धडका त्याने टिपल्या आहेत. गावकऱ्यांनी पुलाला डबा फोडण्याच्या हत्याराचे नाव दिले आहे, आणि ते अगदी चपखल आहे.

ती चित्रे पाहणारा माणूस प्रथम हसतो. उंची मोठ्या आकड्यांत लिहिलेली आहे, दिवे लुकलुकत आहेत, आणि तरीही गाडी सरळ पुढे येते. मग रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापावा तसे तिचे छप्पर सोलून निघते. पूल जागचा हलत नाही. आपल्या हसण्यात एक निवाडा दडलेला असतो : पूल शहाणा आणि ड्रायव्हर मूर्ख. करावे तसे भरावे, हा न्याय इतक्या झटपट आणि इतक्या उघड्यावर क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून तो पाहताना बरे वाटते. मला प्रश्न पडतो तो या निवाड्याविषयी. तो आपण कशाच्या आधारावर देतो?

प्रथम पूल टिकतो कसा ते पाहू. कोणत्याही पुलाची रचना मुख्यतः वरून येणारे ओझे पेलण्यासाठी केलेली असते. आगगाडीचे शेकडो टन वजन तो गर्डरांतून खांबांवर आणि खांबांतून जमिनीत उतरवतो. बाजूने येणारा धक्का ही त्याच्या दृष्टीने परकी गोष्ट. अशा धक्क्याने पोलादी गर्डर वाकतो, कधी आपल्या टेकूवरून सरकतो. दगडविटांच्या कमानीतले चिरे निखळतात. गर्डर दोन-चार इंच सरकला तरी त्याच्यावरचे रूळ वाकडे होतात, आणि खाली काय घडले याची गंधवार्ता नसलेली आगगाडी वरून येत असते. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांवर दरवर्षी दीड हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक वाहने आपटतात, आणि वर्दी मिळताच पुलाची तपासणी होईपर्यंत आगगाड्या खोळंबतात. एका ड्रायव्हरच्या चुकीपायी शेकडो प्रवासी ताटकळत राहतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

डरहॅमला रेल्वेने यावर साधा उपाय केला. पुलाच्या थोडे अलीकडे, पुलाच्याच उंचीवर, रस्त्यावर एक जाड पोलादी तुळई आडवी टाकली. गाडी आपटते ती या तुळईवर. खऱ्या गर्डरपर्यंत धक्का सहसा पोचतच नाही. तुळई खरवडली जाते, वाकते. फारच खराब झाली तर काढून दुसरी बसवता येते. वरची आगगाडी आपल्या वाटेने निघून जाते.

आता धडकेचा हिशेब मांडू. १० टनांची मालमोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्या अंगात जी शक्ती असते ती तीच मोटार सुमारे १० मीटरांवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून, खाली सोडल्याने जेवढी येईल तेवढी असते. वेग निम्मा केला तर ही उंची निम्मी होत नाही, पाव होते. अडीच मीटरच उरते. ही शक्ती कोठेतरी जिरावी लागते. ती अर्ध्या मीटरच्या अंतरात जिरली, तर सरासरी जोर गाडीच्या वजनाच्या वीसपट होतो, म्हणजे २०० टनांचा. तीच ५ मीटरांच्या अंतरात जिरली, तर जोर २० टनांवर येतो. सामान वाहून नेणाऱ्या पेटीसारख्या गाडीचे छप्पर पातळ पत्र्याचे असते. ते एकदम न थांबता फुटाफुटाने फाटत जाते, आणि फाटता फाटता गाडीचा वेग खाऊन टाकते. पूल आपल्या ताकदीने टिकतो हे खरे. पण निम्मे श्रेय त्या फाटणाऱ्या पत्र्याचे आहे. त्याच वेगाने, उभ्या केलेल्या पोलादी दांड्यासकट एखादे खोदकामाचे यंत्र वाहून नेणारी गाडी आली, तर तो दांडा पत्र्यासारखा सोलला जाणार नाही, आणि तुळईला खरी परीक्षा द्यावी लागेल.

शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम येथे आठवावा. गाडी पुलाला जितक्या जोराने मारते, तितक्याच जोराने पूल गाडीला मारतो. आघात दोघांवर सारखा. मोडतोड मात्र सारखी नाही. ती ज्याची चण नाजूक त्याच्या वाट्याला जाते. हे साधे यंत्रशास्त्र आहे, आणि त्यात अपराधाचा कोठे उल्लेख नाही. छप्पर फाटले ते ड्रायव्हर चुकला म्हणून फाटले नाही. ते तुळईहून मऊ होते म्हणून फाटले. आपण मात्र मोडलेल्या वस्तूकडे बोट दाखवून म्हणतो, हा पाहा अपराधी.

मराठीत टिकणे आणि सोसणे असे दोन निराळे शब्द आहेत. त्यांतला भेद येथे उपयोगी पडतो. पृथ्वीला आपल्याकडे 'क्षमा' असे एक नाव आहे, कारण ती नांगराचे घाव पोटात घेते आणि वर पीक देते. ती सोसते. डरहॅमचा पूल काही पोटात घेत नाही. तो टिकतो, आणि सोसायचे काम दुसऱ्याकडे जाते. थोडे तुळईकडे, बरेचसे गाडीकडे. टिकण्याला आपण सहनशीलता म्हणतो तेव्हा मोठी गफलत करतो. जो हलला नाही त्याने सोसले असे नव्हे. कित्येकदा तो हलला नाही याचा अर्थ एवढाच, की त्याच्या वाट्याचे दुसऱ्या कोणी सोसले.

आता दुसरे उदाहरण घेऊ. त्याच देशात, पण दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट नदीवर १९५५ साली बांधलेला महामार्गाचा पूल होता. पोलादी सांगाड्याचा, रस्ता सांगाड्याच्या आतून जाई, आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना बांधून धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असत. त्या कमानीसारख्या होत्या, मध्यभागी उंच आणि कडेला ठेंगण्या. २३ मे २०१३ रोजी संध्याकाळी एक मालमोटार रीतसर परवाना घेऊन, पुढे वाट दाखवणारी गाडी घेऊन, या पुलावर आली. तिच्यावरचा माल नेहमीहून उंच होता. ती कडेच्या मार्गाने जात होती. मालाचा वरचा भाग त्या पट्ट्यांना लागला. मालमोटार पूल ओलांडून पलीकडे गेली. तिच्या मागे पुलाचा ४९ मीटरांचा एक गाळा नदीत कोसळला. दोन वाहने पाण्यात पडली. त्यांतली तिन्ही माणसे वाचली, ही दैवाची कृपा.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या निवाड्याचा कच्चेपणा उघड होतो. दोन्हीकडे कृती एकच : वाटेहून उंच असलेली वस्तू वाटेतून नेणे. डरहॅमला गाडी मोडली, तर आपण ड्रायव्हरला हसलो. स्कॅजिटला पूल मोडला, तर आपण पुलाच्या वयाची आणि रचनेची चौकशी केली, बांधणाऱ्यांना आणि राखणाऱ्यांना जाब विचारला. दोन्ही वेळा दोष मोडलेल्याच्या पदरी गेला. नुकसान कोणाचे झाले यावरून अपराध कोणाचा हे ठरवण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की आपण असे करतो हेही आपल्या ध्यानात येत नाही. आजारी माणसाने काहीतरी कुपथ्य केलेच असेल, बुडालेल्या व्यापाऱ्याला धंदा कळतच नसेल, नापास झालेला मुलगा आळशीच असेल. या सगळ्या बोलण्यामागे हेच तर्कट आहे.

स्कॅजिटच्या प्रकरणाची पुढे सरकारी चौकशी झाली. तीत एकाच माणसाचे नाव अपराधी म्हणून निघाले नाही. माल नेणाऱ्यांनी मार्गाची नीट आखणी केली नव्हती. वाट दाखवणाऱ्या गाडीचा चालक दूरध्वनीवर बोलण्यात गुंतला होता. परवाना देणाऱ्या यंत्रणेने वाटेतल्या पुलांची उंची पडताळून पाहिली नव्हती. ते काम परवाना घेणाऱ्यावर सोपवून ती मोकळी झाली होती. कोणत्या मार्गावर किती उंची आहे हे सांगणारी पाटी पुलाच्या अलीकडे नव्हती. प्रत्येकाने आपल्यापुरते थोडे सोडले, आणि ते सारे थोडे एके संध्याकाळी एकत्र आले.

तेव्हा नुकसान हा पुरावा धरायचा नाही, तर जबाबदारी ठरवायची कशावरून? माझ्या मते ती जाणिवेवरून ठरवावी : कोणाला काय ठाऊक होते, आणि ठाऊक असून त्याने काय केले?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपली म्हण आहे. ती पाऊलवाटेने एकामागून एक चालणाऱ्या माणसांची म्हण आहे. पुढचा अडखळलेला मागच्याला दिसतो. डरहॅमच्या रस्त्यावर ही म्हण लागू पडत नाही. आज आपटलेल्या ड्रायव्हरला गेल्या महिन्यात आपटलेला दिसलेला नसतो. त्याच्या दृष्टीने ही पहिलीच धडक. प्रत्येक जण नवा, प्रत्येक ठेच पहिली. मागचा कधी शहाणा होतच नाही. सगळ्या ठेचांची आठवण एकाच ठिकाणी साठते, ती पुलाशी. म्हणजे पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी. ड्रायव्हरला एक अपघात ठाऊक असतो, तोही घडून गेल्यावर. पुलाच्या धन्याला पुढचा अपघातही ठाऊक असतो. कोणाचा, ते ठाऊक नसते. कोणत्या दिवशी, ते ठाऊक नसते. पण होणार हे पक्के ठाऊक असते. म्हणून एका धडकेचा दोष ड्रायव्हरचा, आणि शंभर धडकांची जबाबदारी पुलाच्या धन्याची, असे मला म्हणावेसे वाटते. यात ड्रायव्हरला सोडून देण्याचा भाग नाही. दोष आणि जबाबदारी एकाच मापाने मोजू नयेत एवढेच म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, डरहॅमच्या लोकांनी करायचे काय ठेवले होते? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर देण्यापूर्वी त्यांनी काय काय केले ते सांगितले पाहिजे. कित्येक गल्ल्या आधीपासून उंचीच्या पाट्या लावल्या. उंच गाडी आली की लुकलुकणारे दिवे बसवले. २०१६ साली गाडीची उंची हेरणारे यंत्र सिग्नलला जोडले. गाडी उंच असली की तांबडा दिवा लागतो, आणि 'उंची जास्त आहे, वळलेच पाहिजे' अशी अक्षरे उजळतात. तरी गाड्या आपटत राहिल्या. रस्ता खाली घ्यावा, तर त्याच्या पोटातून सांडपाण्याची मोठी नळी गेलेली. पूल वर घ्यावा, तर दोन्ही बाजूंचे रूळ लांबवर उचलत न्यावे लागणार. शिवाय पूल रेल्वेचा, रस्ता दुसऱ्याचा, आणि गाडी तिसऱ्याचीच. तिघांपैकी प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे बोट दाखवण्याइतके खरे कारण होते. अखेर २०१९ साली रेल्वेची मालक असलेल्या कंपनीने रूळ उचलून पूल ८ इंचांनी वर घेतला. आता तेथे १२ फूट ४ इंच जागा आहे. धडका त्यानंतरही पुरत्या थांबल्या नाहीत, कारण १३ फुटांची गाडी १२ फूट ४ इंचांतूनही जात नाहीच.

पण या कहाणीतला एक क्रम पाहण्यासारखा आहे. पुलाला वाचवणारी तुळई होती, म्हणून पुलाला घाई नव्हती. मालकाचे नुकसान थांबले, की धोका थांबला असे मालकाला वाटू लागते. पूल प्रत्येक धडकेत हादरत राहिला असता, तर ८ इंचांचा हा उपाय इतका लांबला असता का? मला शंका आहे. जो फार पक्का असतो, त्याला आपल्यामुळे दुसऱ्यांना काय होते हे उशिरा कळते. स्कॅजिटचा पूल एकदाच मोडला. त्याचा पडलेला गाळा काही महिन्यांत नवा उभा राहिला, आणि उरलेल्या गाळ्यांतल्या वरच्या पट्ट्या बदलून सर्व मार्गांवर उंची सारखी करण्यात आली. ज्याला लागते तो बदलतो.

ड्रायव्हरच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. डरहॅमला आपटणाऱ्या गाड्यांत भाड्याने घेतलेल्या पुष्कळ असतात. बोस्टन शहरात नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावर ठेंगणे पूल आहेत; तेथे दरवर्षी १ सप्टेंबरच्या सुमारास, घरभाड्याचे करार बदलतात तेव्हा, भाड्याच्या गाडीतून बिऱ्हाड हलवणारे विद्यार्थी हमखास अडकतात. रोज लहान मोटार चालवणारा माणूस एका दिवसासाठी उंच गाडीत बसतो. गाडीची रुंदी त्याला आरशांत दिसते, लांबी वळणावर जाणवते. उंची मात्र त्याच्या मागे आणि डोक्यावर असते, ती कोठेच दिसत नाही. त्याच्या अंगात अजून कालच्या गाडीचे माप असते. 'कमी उंचीचा पूल' ही पाटी तो वाचतो, आणि ती दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजून पुढे जातो. ही बेपर्वाई आहे, हे मान्य. पण ती माणसाची जुनी आणि ओळखीची बेपर्वाई आहे, आणि जी ओळखीची आहे तिची तजवीज आधीपासून करता येते.

ती न केल्यास काय होते? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात माँटेग्यू स्ट्रीटवरचा पूल अवघ्या ३ मीटर उंचीचा आहे. तोही आपटणाऱ्या गाड्यांसाठी कुप्रसिद्ध. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रवाशांना घेऊन जाणारी एक बस त्याच्यावर आदळली, आणि काही प्रवासी गंभीर जखमी झाले. तेथे हसण्यासारखे काही उरले नाही. ड्रायव्हरवर खटला झाला, आणि २०१८ साली त्याला ५ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ साली वरच्या न्यायालयाने मूळचा गंभीर आरोप रद्द ठरवून धोकादायक रीतीने गाडी चालवल्याचा सौम्य अपराध मानला आणि शिक्षा १० महिन्यांवर आणली. पुलाच्या अलीकडे, उंच गाडीच्या छपराला लागतील अशा लोंबत्या फळ्यांची चौकट उभी राहिली, ती मात्र या अपघातानंतर. न्यायालयापुढे एक माणूस आणि एक दिवस होता. त्याने त्यांचा न्याय केला, आणि न्यायालय याहून अधिक करूही शकत नाही. पण आधीच्या सगळ्या धडकांची सुनावणी करणारे न्यायालय कोठे आहे? ते आपल्या मनातच भरवावे लागते.

ठेंगण्या पुलांविषयी आणखी एक वाद प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील पूल रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने मुद्दाम ठेंगणे बांधले, बसने येणारे गरीब आणि काळे लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत म्हणून, असे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या मोझेसच्या चरित्रात म्हटले. लँग्डन विनर यांनी १९८० साली तेच उदाहरण घेऊन निर्जीव वस्तूंतही राजकारण असते असा सिद्धान्त मांडला. १९९९ साली बर्नवर्ड योर्गेस यांनी तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्या रस्त्यांवर बसगाड्यांना मुळातच बंदी होती, असा त्यांचा एक मुद्दा. हेतूचा वाद मिटणे कठीण आहे, आणि माझ्या प्रश्नाला तो मिटण्याची गरजही नाही. डरहॅमचा पूल बांधणाऱ्यांच्या मनात कोणताही दुष्ट हेतू नव्हता. १९४० साली ११ फूट ८ इंच हे नुसते माप होते. परिणाम माहीत झाल्यावर मात्र तेच माप तसेच ठेवणे हा दरवर्षी नव्याने घेतलेला निर्णय ठरतो. 'आम्ही काही केले नाही' हे वाक्य अशा ठिकाणी निर्दोषपणाचा पुरावा म्हणून चालत नाही.

मग कर्तव्य कोणते? प्रत्येक पूल उंच करता येत नाही, आणि करावा असेही नाही. काही गोष्टी अढळच असल्या पाहिजेत. वरून आगगाडी जायची आहे. पुलाने खालच्यावर दया करून वाकायचे ठरवले, तर वरचे शेकडो लोक दरीत जातील. पण जो वाकू शकत नाही, त्याने आपल्या अलीकडे काहीतरी असे ठेवले पाहिजे, जे लागेल पण मोडणार नाही. सिडनीच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी २००७ साली एक यंत्रणा बसवण्यात आली. उंच गाडी सगळ्या पाट्या आणि दिवे ओलांडून आलीच, तर रस्त्यावर वरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि त्या पाण्यावर प्रकाशाने 'थांबा' अशी पाटी उमटते. पाटी न वाचणारा माणूस समोर उभी राहिलेली भिंत पाहून थांबतो, आणि ती भिंत पाण्याची असते.

आपल्याकडे विजेच्या रेल्वेमार्गावरील फाटकांच्या दोन्ही बाजूंना दोन खांबांवर एक आडवी लोखंडी चौकट असते. कडबा वा ऊस भरून ट्रक चालवणारे सारे जण ती ओळखतात. तिची उंची ४.६७ मीटर ठेवलेली असते, आणि पलीकडच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. चौकट काही मऊ नसते. तिच्यावर आपटले तर नुकसान होतेच. पण तेथे जाते ते मालाचे नुकसान; तारेपाशी जाईल तो जीव. डरहॅमची तुळई आणि ही चौकट दिसायला सारख्याच, पण त्यांच्या मनांत फरक आहे. तुळई गाडीपासून पुलाला वाचवते. चौकट तारेपासून माणसालाही वाचवते.

माणसांतही अशी अढळ माणसे असतात. 'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य आपण फार आदराने उच्चारतो, आणि पुष्कळदा तो आदर योग्य असतो. अन्यायापुढे न वाकणाऱ्यांनीच आपल्याला वर आणले. परंतु त्या वाक्यातला पहिला शब्द 'मोडेन' हा आहे, हे विसरू नये. त्यात स्वतः मोडण्याची तयारी आहे, म्हणून त्याला तेज आहे. घरोघरी, शाळांतून, कचेऱ्यांतून आपण पाहतो ती बरीचशी न वाकणारी माणसे मोडतही नाहीत. शिस्तीचा बाप तसाच ताठ राहतो, आणि मुलगा घर सोडून जातो. शिक्षकाचा निकाल कधी बदलत नाही, आणि वर्गातली पाच मुले दरवर्षी शाळा सोडतात. खिडकीमागचा कारकून 'नियम म्हणजे नियम' असे म्हणतो. त्याने सकाळपासून तोच एक कागद नाही म्हणून चाळीस माणसे परत पाठवलेली असतात, आणि तो कागद लागतो ही सूचना मात्र रांगेच्या शेवटी, खिडकीपाशी, लावलेली असते. नियम चुकीचा नसेल. बापाचे म्हणणे खरे असेल. पण आपल्यावर कितीजण येऊन आपटले आणि त्यांचे काय झाले, हे त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार?

तत्त्वनिष्ठेची परीक्षा आपण किती टिकलो यावरून घेतो. मला ती अपुरी वाटते. टिकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : तुझ्या टिकण्याची किंमत कोणी दिली, आणि ती द्यावी लागू नये म्हणून तू वाटेत काय ठेवलेस? ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याने खुशाल अढळ राहावे. ज्याच्यापाशी नाही, त्याने निदान पुढच्या धडकेच्या वेळी हसू नये. आणि जमल्यास ८ इंच वर सरकून पाहावे.